बर्फातली वगार

अकोला,
२८ जुलै

प्रिय हर्षा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. उचलला असतास तरी हे मला फोनवर बोलता आलं नसतं, हेही खरं. जूनमध्ये एकदा तू उचललास. सकाळपासून मनात जुळवून ठेवलेलं सगळं मी विसरले आणि ‘जेवलीस का’ एवढंच विचारलं. तू ‘हो’ म्हणालीस आणि ठेवून दिलास. मी बराच वेळ फोन हातात धरून कारखान्याच्या ऑफिसात बसून राहिले. शेषरावने येऊन विचारलं, बाई, बर्फाच्या लाद्या काढू का, तर त्याच्यावरच खेकसले. बोलताना माझी वऱ्हाडी सुटते आणि ती तुला हल्ली टोचते, म्हणून शाळेत शिकलेल्या मराठीत लिहितेय. मधेच घसरले तर समजून घे. आणि एकटी असशील तेव्हाच वाच.

आचलने मला फोन केला होता. तुझी मैत्रीण तुझ्यापेक्षा बरी, माझ्याशी बोलते तरी. ती म्हणाली, एक तारखेला तुझ्या चौकशीची शेवटची बैठक आहे. परवानगी न घेता नमुना आईच्या बर्फाच्या कारखान्यात ठेवला आणि नासवला, असा ठपका आहे म्हणे. नोकरी जाईल आणि पुन्हा कुठल्याच प्रयोगशाळेत तुला कोणी उभं करणार नाही. चार वर्षं, लडाखमधले तीन हिवाळे, फाटलेले ओठ, बोटांची गेलेली नखं, सगळं माझ्या एका बोलण्यावर गेलं. मी तुला सांगितलं होतं की डीपी जळाली, बर्फ वितळला, ते सडलं, वास सुटला म्हणून मोर्णा नदीत टाकून दिलं. हर्षा, डीपी जळाली तेवढं खरं. बाकी सगळं खोटं. आता पुढचं सावकाश वाच, मला भराभर लिहिता येत नाही.

सात मेला लडाखचा तो नमुना घेऊन तुमची गाडी इंदूरहून हैदराबादेला निघाली होती आणि अकोटच्या पुढे तिचं थंडीचं मशीन बसलं. तुला आईचा कारखाना आठवला. लोक म्हणतात तू चूक केलीस. मी म्हणते, त्या उन्हात दुसरं कोणी काय केलं असतं? ती पांढरी पेटी चार माणसांनी उचलून आणली, तू आतलं झाकण एकदाच, क्षणभर उघडून मला दाखवलंस. काचेसारखा बर्फ, आणि त्यात पाय पोटाशी घेऊन, नाक शेपटीखाली खुपसून पडलेलं ते काळंभोर, केसाळ जनावर. मी म्हटलं, ही तर वगार. दीड-दोन महिन्यांची म्हशीची वगार असते, तेवढीच. तू किती हसलीस. म्हणालीस, पंचवीस हजार वर्षांपूर्वीची आहे, हिला अजून नावसुद्धा नाही, आणि खुरांना बघ, तीन भाग आहेत. मग जेवताना तू सांगत होतीस की संस्थेत पोचलं की आधी आरीने त्याचे पापडासारखे पातळ काप काढणार आणि एकेक काप एकेका ठिकाणी जाणार. त्या दिवशी तू दोन पोळ्या जास्त खाल्ल्यास. मी ते लक्षात ठेवलंय, कारण त्यानंतर तू माझ्या घरी जेवलीच नाहीस. दुसरी गाडी आणायला पाच दिवस लागतील म्हणालीस, आणि बजावून गेलीस की आतलं झाकण उघडायचं नाही.

नऊ तारखेला सकाळी दहाला डीपी जळाली. पारा सेहेचाळीसवर. वायरमन म्हणाला, उद्या संध्याकाळशिवाय होत नाही. कंप्रेसर थांबला की मिठाच्या पाण्याची टाकी किती वेळ दम धरते ते मला ठाऊक आहे, एकवीस वर्षं तेच करतेय. बारा वाजेपर्यंत तुझ्या पेटीचा काटा उणे दहावरून उणे चारवर आला.  शेषरावने आणि मी लाद्या फोडल्या, चुरा केला, त्यात मीठ कालवलं आणि पेटीभोवती ठासून भरला. कुल्फीच्या मटक्याला करतो तसं. बर्फात मीठ पडलं की तो अजून गार होतो, हे आपल्या धंद्यात लहान लेकराला कळतं. पण तुझ्या पेटीची भिंत एवढी जाड की बाहेरचा गारवा आत जाईना. काटा चढतच होता. तेव्हा मी ते झाकण उघडलं आणि मिठाचा बर्फ थेट आत ओतला. काटा झरकन खाली आला. मला वाटलं, जिंकलं आपण. माझ्या डोक्यातच आलं नाही की कुल्फीचं भांडं मधे असतं म्हणून कुल्फी वाचते. इथे मधे भांडं नव्हतं. मीठ तुझी पंचवीस हजार वर्षांची लादी खात सुटलं.

तीनच्या सुमारास मी पाहायला गेले तर तोंडावरचा बर्फ गेला होता. नाक उघडं पडलं होतं. त्याच्यापाशी मिठाचा एक खडा चिकटला होता, आणि हर्षा, जीभ बाहेर आली. काळपट, खरखरीत, दोन बोटं रुंद. त्या खड्याला लागली आणि आत गेली. मला वाटलं, उन्हानं माझं डोकं फिरलं. शेषरावला हाक मारली. त्याने पाहिलं आणि खाली बसला. मग पुन्हा जीभ आली. त्यानंतर मी काय केलं ते मी ठरवून केलं नाही. माहेरी आमच्याकडे म्हशी होत्या, अडलेलं रेडकू काढताना मी आईच्या शेजारी उभी राहायची. माझे हातच चालायला लागले. आम्ही दोघांनी ती ओढून बाहेर काढली, मागचे पाय धरून उलटी केली, तोंडातलं पाणी गळू दिलं, जमिनीवर घेऊन बारदानाने बरगड्या चोळल्या. दहा मिनिटं चोळत होतो. मग ती शिंकली. शेषराव रडायला लागला, आणि मीही.

आता तू विचारशील, काहून नाही सांगितलं? जिवंत आहे म्हणाली असतीस तर मी नाचत आले असते, असंही म्हणशील. ते मला माहीत आहे. मी नंतर पुष्कळ कारणं जुळवली. की तू आलीस तरी ती तुझ्या हातात राहिली नसती, तूच सांगायचीस की तुझ्यावर सहा साहेब आहेत. की तिला पिंजऱ्यात घालून सुया टोचल्या असत्या. ही सगळी कारणं मी मागाहून शोधलेली आहेत. खरं कारण एवढंच की मी तुला भ्याले. तू नको म्हटलेलं झाकण मी उघडलं होतं, आणि मला ती सकाळ सहन होईना जिच्यात तू माझ्याकडे अडाणी बाई म्हणून पाहशील. संध्याकाळी तुझा फोन आला, ‘आई, सगळं ठीक ना?’ आणि वगार माझ्या पायाशी बारदानावर पडून माझा तळहात चाटत होती. मी सांगून टाकलं की सडलं. म्हटलं, उद्या खरं सांगू. उद्या आला, आणि खोट्यावर अजून एक खोटं चढवून गेला.

पण तेव्हा आम्हाला तुझ्यापेक्षा तिची काळजी होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती धापा टाकायला लागली. लाद्या संपत आल्या होत्या, लाइट नव्हती. बाटलीतलं दूध तोंडाला लावलं तर थुंकून टाकायची. अमरावतीला किसनमामाच्या मळ्यात भाजी ठेवायची शीतखोली आहे, सोलरवर चालते, आणि त्याच्या म्हशीचं रेडकू चार दिवसांपूर्वीच गेलं होतं, हे मला आठवलं. झालं, निघालो. टेंपोत खाली लाद्या, त्यावर ती, वरून भुसा, बारदान आणि पुन्हा लाद्या. शेषराव चालवत होता, मी शेजारी. अकोला ते अमरावती मी हजार वेळा केलंय, पण एवढं लांब कधीच वाटलं नव्हतं. बोरगाव मंजूपर्यंत खालून पाण्याची धार लागली. मूर्तिजापूरच्या अलीकडे नाक्यावर पोलिसांनी हात केला. गुरांच्या गाड्या तपासत होते. हवालदार मागे गेला, आणि नेमकी तेव्हाच ती हंबरली. हंबरणं कसलं, ओलं दार फरशीवर घासावं तसा आवाज.  मी खिडकीतून डोकं काढून म्हटलं, अमरावतीले भावाच्या घरी माती झाली, पोरगी येईपर्यंत मयतीले बर्फ पायजे. आणि पदर तोंडाला लावून रडायला लागले.

सोंगच करत होते. पण सुरू झालं आणि थांबेना. तुझे बाबा गेले तेव्हा आपल्याच कारखान्याच्या लाद्या आपल्याच घरात आणल्या होत्या. तू पुण्याहून येईपर्यंत मी त्या बदलत बसले होते, आठवतं? तू आलीस, बाबांच्या पायाला हात लावलास आणि म्हणालीस, किती गार आहेत. मला तेव्हा रडायला वेळ नव्हता, दुसऱ्या दिवशी दोन लग्नांचा बर्फ द्यायचा होता. ते सगळं त्या नाक्यावर बाहेर पडलं. हवालदाराने ना मागची ताडपत्री उचलली ना काही विचारलं. ‘जा माय,’ म्हणाला, ‘ऊन लय हाये.’ मी बडनेऱ्यापर्यंत रडत होते आणि शेषरावला वाटत होतं की बाई अजून सोंगच करून राहिली.

किसनमामाने ताडपत्री उचलली आणि बारदान बाजूला सारून पाहिलं. मग म्हणाला, आधी आत घ्या, मरून जाईल. तुझ्या मामाचं हेच बरं आहे, प्रश्न नंतर विचारतो. म्हैस तिला जवळ घेईना. नाकाने ढुसकावून दिलं, लाथ झाडली. तेव्हा रेडकू दुसऱ्या म्हशीला लावताना करतात तेच केलं, तिच्या अंगाला मीठ चोळलं. म्हशीने हुंगलं, थांबली, एकदा चाटलं. मग चाटतच राहिली, शेपटीपासून कपाळापर्यंत. अर्ध्या तासाने वगार आपणहून खाली वाकली आणि पान्ह्याला लागली. मी आणि मामा शीतखोलीत टोमॅटोच्या क्रेटवर बसून ते बघत होतो. चार अंश गारवा होता आणि मामाच्या अंगावर बनियन. त्याला थंडी वाजतेय हे त्याला कळतच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ म्हशीला जुनी वाकळ पांघरून आत न्यायचं, असं सुरू झालं. आजूबाजूचे लोक कुंपणावरून विचारायचे, किसनराव, मे महिन्यात म्हशीले वाकळ काहून? मामा सांगायचा, गार दूध पाहिजे म्हणून गिऱ्हाइकाची ऑर्डर आहे.

अकराला दुपारी मी अकोल्याला परत आले, आणि बाराला तू आलीस.  तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. एवढंच म्हणालीस, कुठे टाकलंस ती जागा दाखव. आणि मी दाखवली. मी तुला मोर्णेच्या पुलाखाली नेलं आणि बोट करून पाण्यातली एक जागा दाखवली, जिथे मी कधी गेलेच नव्हते. तू सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतलीस आणि त्या घाणीत उतरलीस. हातात बांबू. भर दुपारी दोन तास तू पाण्यावरची जलकुंभी बाजूला सारत होतीस आणि मी काठावर छत्री धरून उभी होते. मी म्हटलं, राहू दे गं. तू वर न बघता म्हणालीस, ‘हाडं मिळाली तरी पुरे, आई.’ तिथे मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण तुझ्या पायाला लागलेला तो गाळ पाहून माझी जीभच उचलेना. आता सांगितलं तर हे दोन तास मी तुला का शोधू दिलं, याचं काय उत्तर देणार होते? तू काही न खाता गाडीत बसलीस आणि गेलीस. हर्षा, बाकी सगळ्याची माफी मागता येईल असं मला वाटतं. त्या दोन तासांची कशी मागायची ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नको. एक दिवसाआड अकोला-अमरावती. सकाळी लाद्या काढायच्या, दुपारची गाडी धरायची, मळ्यात रात्र काढायची, पहाटे परत. माझे गुडघे गेले. शेषराव म्हणतो, बाई, आरशात पाहात जा कधी. वगार वाढत होती, पण फार हळू. कपाळावर दोन टेंगळं आली. नाकपुड्या मिटून घेता यायच्या तिला, मांजर डोळे मिटते तशा. पालेभाजीला तोंड लावायची नाही, पण बोरूचं वाळलेलं गवत आवडायचं. तिला एकटं सोडलं की ती भिंतीपाशी जाऊन उत्तरेकडे तोंड करून उभी राहायची. रोज उत्तरेकडेच. मी दोनदा तोंड धरून फिरवून पाहिलं. पुन्हा वळायची. तुझ्या वहीत लिहायला हे उपयोगाचं असेल म्हणून सांगितलं. मी सगळं लिहून ठेवलंय, रोजचं, तारखेनिशी, बिलबुकाच्या मागच्या पानांवर. तू केलं असतंस तसं नसेल, पण आहे.

मेच्या शेवटी एका दुपारी गारपीट झाली. लिंबाएवढ्या गारा. मामाचा दीड एकर टोमॅटो आणि काकडीचे सगळे मांडव दहा मिनिटांत झोपले. त्या गडबडीत शीतखोलीचं दार उघडं राहिलं आणि ती बाहेर आली. मळ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, गारा तिच्या पाठीवर ताडताड पडत होत्या, आणि ती उड्या मारायला लागली. हर्षा, तिने तोंड वर करून गारा झेलल्या. मातीतल्या वेचून खाल्ल्या. मामा पडवीत उभा राहून आपलं वर्षभराचं पीक मरताना बघत होता आणि तिला बघून हसत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणीही येत होतं. मग गारा थांबल्या, ऊन पडलं, आणि ती तिथेच फतकल मारून बसली. मळ्यातले दोन गडी धरून आम्ही चौघांनी उचलून आत नेली. संध्याकाळी मोडलेल्या मांडवाखाली बसून मामा मला म्हणाला, ‘वच्छे, हे जनावर वाचवाले तू आपली पोर मारून राहिली.’ पीक गेल्याचं तो एक अक्षर बोलला नाही. मी त्याच्यावर चिडले, जेवले नाही. पण झोपही आली नाही.

तुला सांगायचं ठरवून त्यानंतर मी सात वेळा फोन केला. सहा वेळा तू उचलला नाहीस, सातव्या वेळेचं वर लिहिलंच आहे.

पंधरा जुलैच्या सुमारास तिने दूध सोडलं. म्हैस बाहेरून हंबरायची, ही मान वर करायची नाही. चार अंशसुद्धा तिला जास्त होत होते, हे मला फार उशिरा कळलं. अठराला ती कोपऱ्यात गेली, पाय पोटाशी घेतले, नाक शेपटीखाली खुपसलं, नाकपुड्या मिटल्या. मामाने हात लावला आणि म्हणाला, गेली. मलाही तसंच वाटलं. पण मी तिला त्या रूपात आधी पाहिलं होतं. मी तुझ्या बाबांचं घड्याळ घेऊन तिच्याजवळ बसले. तीन मिनिटांनी तिची बरगडी हलली. मग पाच मिनिटांनी. संध्याकाळपर्यंत आठ. म्हणजे ती मरत नव्हती, परत निघाली होती. ज्या वाटेने आली त्याच वाटेने. तिला फक्त पुरेशी थंडी हवी होती, आणि ती वऱ्हाडात माझ्या टाकीशिवाय कुठेच नव्हती.

टेंपोने पुन्हा अकोल्याला आणली. यावेळी कोणी अडवलं नाही. लादी धरायचा मोठा कॅन धुतला, पाणी उकळून गार केलं, मधे हवेची नळी सोडली म्हणजे बर्फ स्वच्छ धरतो. आणि तू सांगितलं होतंस की तिचा बर्फ थराथराने झालेला होता, म्हणून मी थर दिले. चार बोटं पाणी, ते धरलं की पुन्हा चार बोटं. चार दिवस आणि चार रात्री. मी तिला निजवतेय की मारतेय हे मला कळत नव्हतं, आणि विचारायला जगात एकच माणूस होतं, जे माझा फोन उचलत नव्हतं. पाणी नाकाला लागलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. शेषराव म्हणाला, बाई, मी करतो. मी म्हटलं, नको, चूक झाली तर ती माझीच असू दे. शेवटचा थर धरल्यावर मी इतकी थकले होते की लादीवर गोणपाट टाकून डोकं टेकलं. कान बर्फाला लागला. आणि बऱ्याच वेळाने आतून एक ठोका आला. एकच. मग काही नाही. मी घड्याळ पाहत बसले. सत्तावीस मिनिटांनी दुसरा. तुम्ही लोकांनी तिचं वजन केलं, फोटो काढले, सगळं मोजलं, पण इतका वेळ तिला कान लावून कोणी बसलं नसेल. यात तुझा दोष नाही, बसणार तरी कशाला.

हे पत्र शेषरावने तुझ्या हातात दिलं असेल आणि काही न बोलता जिना उतरला असेल, कारण मी त्याला तसं सांगितलंय. तो तुझ्या खोलीखाली रस्त्यावर भाड्याने आणलेल्या थंडीच्या गाडीपाशी उभा आहे. तू कारखान्यातच सोडून गेलेली पांढरी पेटी गाडीत आहे, काटा उणे वीसवर. पाकिटात दुसरा एक कागद आहे, त्यावर मी सही करून लिहून दिलंय की नमुना नासला नव्हता, मी वच्छला केशवराव गणोरकर हिने तो लपवला आणि मुलीला व संस्थेला खोटं सांगितलं. एक तारखेला तो कागद टेबलावर ठेव. आईला सांभाळत बसू नको, माझं जे व्हायचं ते होईल. पण पत्र त्यासाठी नाही लिहिलं, त्याला कागद पुरला असता. पेटी परत मिळाल्यावर सगळे म्हणतील, आता पहिला काप काढा, आणि आरी तुझ्याच हातात देतील, म्हणून लिहिलं. तुझ्या वतीने मी अकरा आठवडे ठरवलं आणि वाईट ठरवलं. आता तू ठरव. साहेबांना सांग, सांगू नको, परत लडाखला ने, कापायचंच असेल तर काप. मी काही विचारणार नाही. फक्त आधी गाडीत चढ, आतलं झाकण उघड, आणि बर्फाला कान लावून बस. पहिली दहा मिनिटं काही ऐकू येणार नाही आणि तुला वाटेल, आई पुन्हा खोटं बोलली. वीस मिनिटांनीही तसंच वाटेल. तरी उठू नको, बेटा.

थकलेली, पण तुझीच,
आई